शुभेच्छुक हरेशशेठ मढवी

बॅनर लावायचा, पण छोटासाच लावायचा, असं हरेशशेठ मढवींनी शनिवारी सकाळी तांदळाची भाकरी मोडता मोडता ठरवलं.

खरं तर त्याच क्षणी मालूवहिनींनी नवऱ्याला खोलीत ढकलून बाहेरून कडी घालायला हवी होती. कारण हरेशशेठांनी आयुष्यात जे जे अवाढव्य केलं, ते सगळं 'छोटंसंच करू' म्हणून सुरू झालेलं होतं. नेऱ्यातलं घर दोन खोल्यांचं बांधायला घेतलं, ते तीन मजल्यांवर जाऊन थांबलं (तिसऱ्या मजल्यावर अजून कबुतरांशिवाय कोणी राहायला गेलेलं नाही). एकुलत्या लेकीचा, म्हणजे पूर्वीचा, पहिला वाढदिवस 'घरच्या घरी' केला, त्याला आठशे माणूस जेवलं आणि मटण कमी पडलं म्हणून एक मामा रुसला. पूर्वी शिकून नोकरीला लागली तरी तो मामा अजून रुसलेलाच आहे.

पण वहिनींनी कडी घातली नाही. त्या फक्त म्हणाल्या, "पूर्वीनं बॅनर नको सांगितलाय."

"ऑफिसच्या दारात नको सांगितलाय," हरेशशेठ म्हणाले. "चौकात लावला तर काय बिगडतं?"

या बॅनरमागे तसं सबळ कारण होतं. शेजारच्या दादूच्या मुलाने, हृतिकने, नवा डंपर घेतला होता आणि दुसऱ्याच दिवशी गावच्या कमानीला 'डंपरसम्राट हृतिकशेठ' असा बॅनर फडकला होता. आता नेऱ्याच्या बाजूला बॅनर लागणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे. वाढदिवस, बैलगाडा शर्यत, क्रिकेटची ट्रॉफी, परदेशवारी, कशालाही बॅनर लागतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर तोच उतरवून गोठ्यावर टाकतात. गावातल्या प्रत्येक म्हशीच्या डोक्यावर कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतो. आणि या सगळ्या बॅनरांवर खालच्या रांगेत, डावीकडून तिसरे, गॉगल घातलेले, गळ्यात साखळी आणि कानाला फोन लावलेले असे हरेशशेठ मढवी हमखास असायचे. पंधरा वर्षांत त्यांनी शुभेच्छा दिल्या नाहीत असा माणूस तालुक्यात सापडणं कठीण होतं.

आणि त्यांच्या स्वतःच्या मुलीला मात्र शुभेच्छा नाहीत!

"अगो, डंपर घेतला तरी बॅनर लागतो," हरेशशेठ कळवळून म्हणाले, "आन माझी पोर परीक्षा देऊन पालिकेत निरीक्षक झाली, तिच्या नावाचा साधा कागद नाय गावात! लोकं काय इचारतात माहीत हाय ना? 'पोर पनवेलला एकटीच राते म्हने? धा किलोमीटरवर घर असून?' परत्येक हळदीत हाच सवाल. मी काय सांगू?"

हे मात्र वहिनींनाही लागलेलं होतं. त्यांनी दुसरी भाकरी वाढली.

पूर्वी पनवेलला राहायला गेली त्याला पाच महिने झाले होते. बाजारात ताहिराखालांच्या घराच्या माडीवरची एक खोली तिने भाड्याने घेतली होती. "मला स्वतःचं कुलूप हवंय, पप्पा," एवढंच ती म्हणाली होती. नेऱ्यातल्या घराला कुलूप कधी लागलंच नव्हतं. दिवसभरात सतरा माणसं न विचारता आत यायची आणि त्यातली नऊ पूर्वीच्या अभ्यासाच्या टेबलावर चहाचा कप ठेवून जायची. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास तिने तिसऱ्या मजल्यावर कबुतरांत बसून केला होता.

तिला सोडायला गेल्या तेव्हा मालूवहिनी इतक्या रडल्या की ताहिराखाला चक्रावल्याच. "अहो, माझा फहाद दोहाला गेला तेव्हा मी एवढी रडले नव्हते," त्या म्हणाल्या. "तुमची लेक नेऱ्याहून पनवेलला आलीय. खिडकीतून डोंगर दिसतो तुमचा!" पुढे एकदा वहिनी न कळवता कोलंबीचं कालवण घेऊन गेल्या, तर खोलीला कुलूप. दोन तास खालांकडे बसून राहिल्या. पूर्वी आली, तिने आईला मिठी मारली, कालवण चाटूनपुसून खाल्लं आणि नियम सांगितला : यायच्या आधी फोन करायचा. फोन करून पोटच्या पोरीकडे जायचं ही गोष्ट वहिनींना पचायला कालवणापेक्षा जड गेली.

पण यापेक्षा मोठी अडचण होती ती दाजींची. दाजी म्हणजे हरेशशेठांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी द्रोणागिरीचं एक स्थळ आणलं होतं. मुलाचे कंटेनर वाहणारे सहा ट्रेलर. पूर्वीने नाही म्हटल्यावर बरीच आदळआपट होऊन शेवटी तह झाला होता, तो असा की पूर्वीचे नोकरीतले पहिले सहा महिने प्रोबेशनचे. त्यात ती कायम झाली तर तिने हवं तसं, हवं तिथे राहावं, कोणी ब्र काढायचा नाही. नाही झाली तर बॅग भरून नेऱ्याला यायचं आणि ट्रेलरवाल्याला बघायचं. हरेशशेठांनी दोन्हीकडे शब्द दिला होता. पाच महिने झाले होते, एक उरला होता.

(पालिकेत पूर्वी नेमकं निरीक्षण कशाचं करते, हे मात्र हरेशशेठांनी कधी विचारलं नव्हतं. ती 'फिरतीचं काम आहे' एवढंच सांगायची. सरकारी माणूस निरीक्षण करतो, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं.)

तर शनिवारी दुपारी हरेशशेठ एसटी स्टँडजवळच्या शार्दूलच्या दुकानात पोचले. शार्दूल म्हणजे बॅनर बनवण्यातला पनवेलचा अनुभवी माणूस.

"छोटासाच कर. सहा बाय चार," हरेशशेठ म्हणाले.

"सहा बाय चारवर ताई बसतील, काका. शुभेच्छुक कुठे बसवू?"

मुद्दा बिनतोड होता. "कितीक शुभेच्छुक? मी आन तिची आई. बस."

"आणि दाजी?"

दाजी नाहीत म्हणजे तह मोडला. दाजी घेतले. दाजी घेतले म्हणजे त्यांचे दोन भाऊ आले. ते घेतल्यावर मालूच्या माहेरचं कोणी नसेल तर घरी जेवायला कोण वाढणार? माहेर आलं. माहेर आल्यावर तो रुसलेला मामा! त्याला घ्यावंच लागलं, उलट पहिल्या रांगेत घ्यावं लागलं. मग दादू राहिला तर तो म्हणेल, डंपरवर जळतो. दादू आला, त्याच्याबरोबर हृतिक आला, हृतिकचा हट्ट म्हणून मागे डंपरही आला. संध्याकाळपर्यंत सदतीस शुभेच्छुक झाले आणि बॅनर वीस बाय दहा झाला.

"ताईंचा फोटो द्या," शार्दूल म्हणाला.

हरेशशेठांच्या फोनमध्ये पूर्वीचा एकच फोटो निघाला. चुलतबहिणीच्या हळदीतला, कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळा. शार्दूलने पिवळा रंग जमेल तेवढा उतरवला, खाली निळा कोट चढवला आणि शेजारी वाघ काढला. वाघ चांगला आला. पूर्वी जरा कावीळ झाल्यासारखी आली आणि फोटो मोठा करता येईना म्हणून कोपऱ्यात गेली.

"पद काय लिहू?"

हरेशशेठांनी बायकोला फोन लावला. "पूर्वी नक्की काय हाय गो?"

"मना काय ठावं? सह्या करते."

मग सर्वानुमते असा मजकूर ठरला : 'नेरे गावची वाघीण, आमची लाडकी पूर्वी हरेश मढवी हिची पालिकेत मोठ्या साहेबपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक हार्दिक अभिनंदन!' खाली सदतीस चेहरे, प्रत्येकाचं नाव, गाव आणि मोबाईल नंबर. परवानगीचा विचार कोणाच्याही मनात आला नाही. शुभेच्छांना परवानगी लागते, हे नेऱ्यात कोणी ऐकलेलं नव्हतं.

रविवारी भर दुपारी पनवेलच्या चौकातल्या खांबांना बॅनर बांधला गेला. सोमवारी दहा वाजता हरेशशेठ, दाजी आणि दादू समोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसले. हरेशशेठांनी पांढरा शर्ट, गॉगल आणि साखळी असा फोटोतलाच वेश केला होता, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला ओळखायला त्रास नको. पूर्वी याच चौकातून ऑफिसला जाते, हे त्यांना ठाऊक होतं. ती वर बघेल, थबकेल, कदाचित तिच्या डोळ्यांत पाणी येईल, असा त्यांचा अंदाज होता.

सव्वादहाला पालिकेची गाडी आली. मागे शिडी, दोरखंड आणि चार कामगार. त्यामागे एक जीप. गाडीतून हातात फाइल घेतलेली, अंगावर चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेली एक मुलगी खाली उतरली.

"आली का नाय बघ!" हरेशशेठ दादूला ढोसून म्हणाले. "गाडी हाय तिला. माणसं हायेत हाताखाली."

"शिडी कशाला हाय?" दादूने विचारलं.

पूर्वीने वर पाहिलं. ती थबकली, एवढा अंदाज बरोबर आला.

तिच्या बाजूचा कामगार आधी बॅनरकडे, मग तिच्याकडे बघत हळूच म्हणाला, "मॅडम, हे... तुम्हीच आहात ना? कोटातल्या?"

तेव्हा टपरीवर जे कळायचं ते कळलं, उरलेलं पालिकेच्या माणसांना रोज चहा पाजणाऱ्या टपरीवाल्याने सांगितलं. पूर्वी निरीक्षण कशाचं करते, तर विनापरवाना लावलेल्या बॅनरांचं. पाच महिने ती साहेबांच्या हाताखाली शिकत होती आणि आज तिला पहिल्यांदा पथक घेऊन एकटीला पाठवलं होतं. इंद्रजीत साहेब मागच्या जीपमध्ये बसून फक्त बघणार होते आणि मग तिला कायम करायचं की नाही, याचा अहवाल लिहिणार होते.

हरेशशेठांनी टपरीवरचा पेपर ओढून तोंडासमोर धरला. पण पेपर चौकोनी होता आणि हरेशशेठ चारी बाजूंनी बाहेर येत होते.

"मॅडम, असं करू," कामगार समजूतदारपणे म्हणाला, "पुढच्या चौकापासून सुरू करू. हा मग बघू."

चौकात माणसं जमायला लागली होती. रिक्षावाले रिक्षा सोडून आले होते. ज्यांचे ज्यांचे बॅनर पुढच्या चौकात होते, त्यांचे कार्यकर्ते तर विशेष आवडीने बघत होते.

"पहिला हाच," पूर्वी म्हणाली. तिने फाइल उघडली. "फोटो घ्या. पंचनामा करू, मग उतरवा."

कामगाराने फोटो घेतला आणि तोंडभर हसला. "मॅडम, लावणाऱ्यांची नावं, गावं, फोटो, मोबाईल नंबर, सगळं वरच आहे. इतका सोयीचा पंचनामा आपल्याला कधी मिळाला नव्हता. सदतीस जण आहेत. आणि एक डंपर."

"दोन पंच लागतील. त्या टपरीवरच्यांना बोलवा."

कामगार टपरीवर आला. त्याने पेपर खाली केला, हरेशशेठांकडे पाहिलं, वर बॅनरकडे पाहिलं आणि पुन्हा हरेशशेठांकडे पाहिलं. मग तिथूनच ओरडला, "मॅडम, हे पंच म्हणून चालणार नाहीत! हे वर पण आहेत!"

चौकात असा हशा पिकला की समोरच्या मिठाईवाल्याने काउंटर सोडला.

दाजी मात्र तांबडेलाल झाले. त्यांनी खिशातून फोन काढला. "थांब हरेश, वर फोन लावतो. माझ्या शब्दावर गाडी माघारी जाईल. आपल्या फोटोला शिडी लावतात म्हंजे काय?" आणि त्यांनी फोन कानाला लावला, अगदी बॅनरवर लावला होता तसाच.

आता हरेशशेठांच्या डोक्यात उजेड पडायला साधारणपणे दोन दिवस लागतात. पण त्या दिवशी तो चटकन पडला. गाडी खरंच माघारी गेली असती. दाजींची वर ओळख होती. आणि मग जीपमधल्या साहेबांनी अहवालात लिहिलं असतं की पोरगी चांगली आहे, पण बापाचा बॅनर आला की गाडी वळते. बॅग भरून नेऱ्याला, आणि पुढे सहा ट्रेलर.

हरेशशेठांनी समोर बघितलं. भर चौकात, दोनशे माणसांत, त्यांची पोर एकटी उभी होती. मान ताठ, कपाळावर घाम, हातात पेन. तिने टपरीकडे एकदाही बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर तिला लिहिता आलं नसतं, हे बापाला कळलं. हरेशशेठांची छाती अशी भरून आली की ही माझी मुलगी आहे, असं सगळ्या पनवेलला ओरडून सांगावंसं त्यांना वाटलं. मग आठवलं की ते वीस बाय दहावर सांगून झालेलं आहे.

त्यांनी हात पुढे करून दाजींच्या कानाचा फोन काढून घेतला. "दाजी, फोन ठेवा."

तीस वर्षांत दाजींना हे कोणी सांगितलं नव्हतं. ते धक्क्याने चहाच्या बाकावर बसले, तिथे दादूचा चहा होता.

हरेशशेठ गॉगल काढून रस्ता ओलांडून गेले. पूर्वीसमोर उभे राहिले आणि तिला काय म्हणावं, ते त्यांना सुचेना. मग म्हणाले, "मॅडम."

पूर्वीच्या पेनाने कागदावर एक टिंब जास्त काढलं.

"मॅडम, बॅनर माझा हाय. बाकीच्या छत्तीस जणांना मीच वर बसवला. त्यांचा काय दोष नाय. माझं एकट्याचं नाव लिवा."

"पूर्ण नाव?"

"हरेश शिवा मढवी."

"राहणार?"

"आता तुला माहीत नाय का, बाय..."

"राहणार?"

"नेरे."

"व्यवसाय?"

"पोरीचा बाप," ते म्हणाले.

पूर्वीने मान वर न करता 'शेती' असं लिहिलं. पण तिचं नाक लाल झालं होतं, आणि लहानपणापासून तिचं नाक कधी लाल होतं, हे हरेशशेठांना चांगलं माहीत होतं.

बॅनर उतरवायला दहा मिनिटं लागली. आधी मामा खाली आला (तो नंतर पुन्हा रुसला), मग दाजी, मग डंपर. शेवटी वाघ आणि त्याच्याशेजारची पिवळी पूर्वी. शिडी हलायला लागली तेव्हा ती खालून हरेशशेठांनीच धरली. कामगारांनी गुंडाळी गाडीत टाकली आणि पूर्वी पुढच्या चौकाकडे निघाली. तिथले कार्यकर्ते एक शब्द न बोलता स्वतःच दोऱ्या सोडत होते. जिने बापाला सोडलं नाही, ती आपल्याला काय सोडणार?

संध्याकाळी हरेशशेठ ताहिराखालांच्या माडीवर गेले. आधी फोन केला, तीन वेळा केला. पूर्वीने दार उघडलं.

"आमाला आदी सांगितलं असतंस तर?" ते म्हणाले.

"सांगणार कसं, पप्पा? रोज उतरवलेल्या बॅनरांवर तुम्ही असायचात. डावीकडून तिसरे. साहेब विचारायचे, हे कोण सगळीकडे? मी म्हणायचे, असेल कोणीतरी पुढारी." आणि मग इतका वेळ आवरलेलं रडू आणि हसू दोन्ही तिला एकदम फुटलं. खालून ताहिराखाला ओरडल्या, "या अल्ला, कोण रडतंय? आईला पण बोलावलंत का?"

महिनाअखेरीला पूर्वी कायम झाली. इंद्रजीत साहेबांनी अहवालात काय लिहिलं ते गोपनीय होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते सगळ्या नेऱ्याला पाठ होतं. हळदीत कोणी 'पोर एकटी राते म्हने?' असं विचारायचं बंद झालं. उलट 'आमच्या बॅनरचं जरा बघा ना' म्हणून लोक हरेशशेठांना बाजूला घ्यायला लागले. द्रोणागिरीला दाजींनी स्वतःच निरोप धाडला की मुलगी कामात आहे.

हरेशशेठांनी दंड भरला आणि त्यांना मिळालेली नोटीस काचेच्या फ्रेममध्ये घालून दिवाणखान्यात, देवांच्या तसबिरीशेजारी लावली. 'आपण विनापरवाना फलक लावून शहराचे विद्रूपीकरण केले आहे', आणि खाली पूर्वीची झोकदार सही. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी ती वाचायला लागायची.

आता गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मुलगी कायम झाली याचा आनंद साजरा करायला हवा, आणि या वेळी अगदी कायदेशीर, असं हरेशशेठांनी ठरवलं. छोटासाच. सहा बाय चार. त्यांनी रीतसर अर्ज केला, तीन प्रतींत, आणि पासपोर्ट फोटो म्हणून कानाला फोन लावलेला जोडला. आठ दिवसांत उत्तर आलं.

'अर्ज नामंजूर. कारण : अर्जदाराचा पूर्वेतिहास समाधानकारक नाही.' खाली तीच झोकदार सही.

त्याचीही फ्रेम झाली. दादू ती बघायला आला. दोन्ही फ्रेमा त्याने वाचल्या आणि गंभीर होऊन म्हणाला, "हरेश, दोन झाल्या. तिसरी आली का तडीपार करतील तुला."

"करू दे की!" हरेशशेठ छाती फुगवून म्हणाले. "सही तर माझ्या पोरीची असल! आन तडीपार केला तर जाईन कुठं? पनवेलला, पोरीच्या खोलीवर!"

आतून मालूवहिनींचा आवाज आला, "आदी फोन करून इचारा. किल्ली तिच्याकडं हाय."